वाईन चाखताय? तांबडा रस्सा थोडा वेळ बाजूला ठेवा

कोल्हापुरात वाईनची बाटली बहुतेक वेळा मटणाच्या ताटासोबतच उघडते. पिण्यात गैर काही नाही, पण चव ओळखायची असेल तर गडबड इथंच सुरू होते. मिरचीमुळं जिभेवर उठलेली जळजळ अल्कोहोलनं आणखी भडकते. त्यामुळं तांबड्या रश्श्याच्या भुरक्यानंतर रेड वाईन नुसती कडू आणि जहाल लागते आणि दोष मात्र वाईनला मिळतो. चाखायचं ते जेवणाआधी. मावा, सिगारेट, अत्तर, उदबत्ती सगळं लांब ठेवून. जेवताना घ्यायचीच असेल तर माझ्या मते पांढऱ्या रश्श्यासोबत थंड, किंचित गोडसर शेनिन ब्लां ही व्हाईट वाईन छान जमते.

दुसरी चूक तापमानाची. ‘रेड वाईन रूम टेंपरेचरला प्यावी’ हा सल्ला युरोपातल्या थंड घरांचा आहे. आपल्याकडं एप्रिलात खोलीत पारा तिशीच्या पुढं असतो. तेवढ्या उबेत अल्कोहोलचा भपकारा नाकात बसतो आणि फळांचा वास त्याखाली दबतो. रेड साधारण १५ ते १८ अंशांवर हवी, म्हणून आधी तास-दीड तास फ्रीजमध्ये ठेवा. व्हाईट ८ ते १२ अंशांवर खुलते. फ्रीजमधून काढल्यावर तिला दहा मिनिटं द्या, कारण फार गार वाईनला वासच येत नाही. ग्लासात बर्फ नको.

ग्लास काठोकाठ भरू नका. एक तृतीयांश भरला तरच फिरवायला आणि वास साठायला जागा उरते.

आता माझ्या दृष्टीनं सगळ्यांत मोठी चूक. बाटलीमागचं लेबल वाचून लोक ‘ब्लॅककरंट’, ‘गूजबेरी’ म्हणायला लागतात. ही फळं आपल्यापैकी किती जणांनी हातात घेतली आहेत? वास ओळखायला आठवण लागते आणि ती आपल्याकडं भरपूर आहे. सोव्हिन्यों ब्लां या व्हाईटमध्ये पेरू, कापलेलं गवत, ढबू मिरची शोधा. यातला ढबू मिरचीचा वास ज्या रसायनांमुळं येतो ती द्राक्षातही असतात. काबर्ने सोव्हिन्यों या रेडमध्ये जांभूळ, करवंद म्हणून बघा. ओकच्या पिंपात मुरलेल्या रेडला लवंगेची झाक येते, कारण लवंगेतलं युजेनॉल ओकच्या लाकडातही असतं. जुन्या रेडमधला चामड्याचा वास तर चप्पल लाईनमधून फिरलेल्या माणसाला कुणी शिकवायला नको.

शिराझ या रेडमधली काळी मिरी हा खास प्रकार. हा वास रोटंडोन या रसायनाचा, जे काळ्या मिरीतही असतं. २००८ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी ते शिराझमध्ये ओळखलं आणि चाचणीत सुमारे पाचातल्या एकाला त्याचा वासच येत नाही असं दिसलं. तेव्हा मित्राला मिरी लागली आणि तुम्हाला नाही, तर वाद घालू नका. दोघंही खरं बोलत असाल.

रंगावरून मत बनवणंही टाळा. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या, फ्रान्समधल्या बोर्दोतल्या एका प्रयोगात व्हाईट वाईनला लाल रंग दिला, तर वाईनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांनी तिचं वर्णन रेडच्या शब्दांत केलं. शिकणाऱ्यांचं असं होतं, तर आपण आधी डोळे मिटून वास घेतलेला बरा.

फळाचा वास आला की वाईन गोड, हाही एक गैरसमज. नाक दाबून घोट घ्या. तरीही गोड लागली तर साखर आहे. तसंच हिरड्या आवळल्यासारख्या झाल्या तर ती कडू नाही, तुरट आहे. तो तुरटपणा सालीतल्या आणि बियांतल्या टॅनिनचा.

काही वेळा बिघाड खरोखर बाटलीतच असतो. ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आला तर बूच खराब आहे. त्यावर उपाय नाही, बाटली परत करा. काडेपेटीचा किंवा सडक्या अंड्यासारखा वास मात्र ग्लास फिरवून थोडा वेळ ठेवला की बऱ्याचदा निघून जातो. व्हिनेगर किंवा नेलपॉलिशचा वास झोंबत असेल तर ती ओतून द्या. ताजी व्हाईट तपकिरी, निस्तेज दिसली तर बहुधा ती दुकानात उन्हात तापली आहे. पुढच्या वेळी शोकेसमधली बाटली घेऊ नका. तळाशी काचेसारखे खडे दिसले तर घाबरू नका. ते टार्टरिक आम्लाचे क्षार आहेत, थंडीत तयार होतात आणि पोटात गेले तरी अपाय नाही.