प्रीपेड की पोस्टपेड? प्लॅन घेताना या चुका टाळा

मंडईत कोथिंबिरीच्या जुडीसाठी पाच रुपयांवरून हुज्जत घालणारी माणसं मोबाइलच्या प्लॅनचा आकडा मात्र दिसेल तसा मान्य करतात. ३९९चा पोस्टपेड, ३४९चा प्रीपेड, ‘पन्नास रुपयांचा तर फरक’, की झाला निर्णय. प्रीपेडच्या किमतीत जीएसटी धरलेला असतो. पोस्टपेडच्या भाड्यावर १८ टक्के वर लागतो, म्हणजे ३९९चं बिल ४७१ रुपयांचं येतं. इकडे प्रीपेडवाले २८ दिवसांना महिना समजतात आणि वर्षात तेरा रिचार्ज मारतात. सगळं वर्षावर आणा : पोस्टपेड ५,६५०, प्रीपेड ४,५३७. पन्नासाचे अकराशे झाले. आकडे नमुन्याचे आहेत, आपापले घाला. मी हा हिशेब पाकिटाच्या पाठीवर पेनाने करतो. ॲपमधल्या ‘तुमच्यासाठी सर्वोत्तम’वर माझा काडीचा विश्वास नाही. आणि २८ दिवसांचा वैताग येत असेल तर २०२२ पासून ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, आदेशाने प्रत्येक कंपनीला ३० दिवसांचा आणि दर महिन्याच्या एकाच तारखेला रिचार्ज येणारा असे प्लॅन ठेवावेच लागतात. यादीत खाली खाली जाऊन शोधा, तेवढा धीर धरा.

पण माझं डोकं खरं फिरतं ते पोस्टपेड घेऊन प्रीपेडसारखं वागणाऱ्यांमुळे. प्रीपेडचे पैसे संपले की विषय संपला. पोस्टपेडचं सिम काढून ठेवलं तरी भाडं चढतच राहतं.

माझा भाचा नांदेडहून हिंजवडीत नोकरीला आला. सोसायटीच्या गेटबाहेर छत्री लावून बसलेल्या पोराने ‘सर, ओटीटी फ्री’ म्हणत आधार, ओटीपी, फोटो सगळं पाच मिनिटांत उरकलं. पुढे साहेबांनी नोकरी बदलली, बंगळुरूला गेले, तिथे नवा नंबर घेतला आणि जुनं सिम पाकिटाच्या कप्प्यात. बिलं जात होती ईमेलवर, आणि ईमेल दिलेला जुन्या ऑफिसचा! आधी आउटगोइंग बंद झालं, मग सगळंच. सिम फोनमध्येच नाही, तर कळणार कसं? शेवटी वसुलीवाल्याचा फोन गेला पर्यायी नंबरवर, म्हणजे माझ्या ताईला. ‘वकिलाची नोटीस निघतेय.’ रात्री दहाला तिचा मला फोन : ‘अरे, पोराने कर्जबिर्ज काढलंय का रे?’ दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो. काउंटरवरची मुलगी स्क्रीन वळवून म्हणाली, ‘काका, बंद करायची रिक्वेस्टच नाहीये.’ खरंच नव्हती. भरले पैसे.

पोस्टपेड बंद करताना मी रिक्वेस्ट नंबर लिहून घेतो, शेवटचं बिल भरतो आणि ‘काही येणं बाकी नाही’ असं ईमेलवर मागून घेतो. ऑटोपे काढायचा तो त्यानंतर. नंबर बँकेत दिलेला असेल तर तो बंद करायचाच नाही, प्रीपेड करून घ्यायचा. थकबाकी ठेवून तोच नंबर घेऊन दुसऱ्या कंपनीत पळू, म्हणजे पोर्टिंग करू म्हणाल, तर त्याचा कोडच मिळत नाही.

पोर्टिंगवरून आठवलं. १९००वर मेसेज टाकायला मिनिट लागत नाही, पण एकदा गेलात की ९० दिवस पुन्हा हलता येत नाही. नारायण पेठेतल्या वाड्यात रस्त्यावर रेंजच्या चार दांड्या आणि आतल्या खोलीत शून्य, हे बाणेरच्या मित्राला विचारून कसं कळणार? शेजाऱ्याला त्याच्या फोनसकट रात्री नऊला चहाला बोलवा आणि आपल्या स्वयंपाकघरातून एक कॉल लावून बघा. नव्या कंपनीत पहिले तीन महिने प्रीपेडच. ज्यांना एवढाही दम निघत नाही, त्यांची मला कीव येत नाही.

घरी वायफाय, ऑफिसात वायफाय, आणि प्लॅन रोज दोन जीबीचा. कशाला?

आईबाबांच्या बटणवाल्या फोनलाही लोक डेटाचा रिचार्ज मारतात. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने फक्त कॉल-मेसेजचे प्लॅन ठेवणं कंपन्यांना सक्तीचं केलं, तेव्हा नाव घेऊन मागा. दुकानदार आपणहून काढून देईल ही आशा नको. मुदत मात्र संपू देऊ नका. बंद पडलेला नंबर काही महिन्यांनी दुसऱ्या कुणाला तरी दिला जातो, मग पेन्शनच्या खात्याचे ओटीपी त्याच्या फोनवर.

पोस्टपेडशी माझं वैर नाही. ऑफिस बिल देत असेल किंवा घरातले तीन-चार नंबर एका बिलात बसत असतील तर जरूर घ्या. फक्त फॅमिली प्लॅनचा मुख्य नंबर घरातल्या वेळेवर बिल भरणाऱ्या माणसाच्या नावावर ठेवा. बिल थकलं की सगळेच फोन बंद होतात, सासूबाईंचासुद्धा.