सिंगल-ॲक्शन पिस्तूल रोज जवळ कसे बाळगावे आणि दमट हवेत कसे जपावे

सिंगल-ॲक्शन पिस्तुलात ट्रिगर एकच काम करतो : आधीच मागे ताणलेला हॅमर, म्हणजे काडतूस उडवण्यासाठी आघात करणारा घोडा, सोडून देणे. त्यामुळे त्याची चाल आखूड आणि हलकी असते, नेम चांगला बसतो, पण बोटाची चूकही तितक्याच सहज गोळी सोडते. जॉन ब्राउनिंग यांनी घडवलेले आणि १९११ मध्ये अमेरिकी सैन्याने स्वीकारलेले पिस्तूल हा या प्रकाराचा सर्वांत परिचित नमुना आहे.

सुरुवात कागदपत्रांपासून करावी. शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे ठाणे किंवा नवी मुंबई पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत परवाना पोलीस आयुक्तांकडून मिळतो. तो सोबत ठेवावा आणि त्यावर नोंदलेल्या क्षेत्राबाहेर शस्त्र नेऊ नये. २०१६ च्या नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल पूर्ण झाकलेले आणि आपल्या ताब्यात असावे लागते. पाठीवरची सॅकही नियमात बसते, तरी मी ती सुचवणार नाही, कारण लोकलच्या गर्दीत सॅक पाठीवरून उतरते, रॅकवर जाते आणि ताबा तिथेच सुटतो. ट्रिगर पूर्ण झाकणारे, कडक तोंडाचे होल्स्टर (पिस्तुलाचे म्यान) जाड पट्ट्यावर घट्ट बसवावे, म्हणजे ठाण्यातल्या जांभळी नाक्यावर धक्के खातानाही ते जागचे हलत नाही.

आता सर्वांत महत्त्वाचा प्रश्न : चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या कप्प्यात, काडतूस ठेवावे का? हॅमर ताणून सेफ्टी (गोळी सुटणे अडवणारी कळ) लावलेली स्थिती या पिस्तुलाच्या रचनेला धरून आहे, पण ती नियमित सराव असणाऱ्यांसाठीच. बाकीच्यांनी चेंबर रिकामे ठेवून भरलेले मॅगझिन (मुठीत बसणारी काडतुसांची पेटी) बसवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. भरलेल्या चेंबरवर अंगठ्याने हॅमर हळूच खाली आणण्याचा प्रयत्न मात्र कोणीही करू नये. अंगठा घसरला की गोळी सुटू शकते. हॅमर अर्ध्या वाटेवर अडकवणाऱ्या खाचेला सेफ्टी समजणेही तितकेच धोक्याचे आहे.

घरी परतल्यावर नळी सुरक्षित दिशेला धरून आधी मॅगझिन काढावे, मगच स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) मागे ओढावी, आणि चेंबर डोळ्यांनी व बोटानेही तपासावे. हा क्रम उलटला तर एक काडतूस बाहेर पडते आणि मॅगझिनमधले दुसरे आत जाते. तेच काडतूस रोज चेंबरमध्ये घालत-काढत राहिल्यास गोळी काडतुसाच्या नळकांड्यात मागे दबते आणि उडताना दाब धोकादायक वाढू शकतो, म्हणून अशी काडतुसे वेगळी काढावीत.

खाडीकाठच्या आपल्या हवेत पोलादाचा खरा शत्रू घाम आहे. त्यातले मीठ अंगाला लागून असलेल्या बाजूवर, सेफ्टीच्या खाचेत आणि मुठीच्या कडांवर एका रात्रीत तांबूस डाग पाडू शकते, म्हणून पावसाळ्यात रोज रात्री पिस्तूल रिकामे करून कोरड्या कापडाने व नंतर तेलाचा अगदी पातळ हात देऊन पुसावे. जास्त तेलात कपड्यांचे तंतू आणि धूळ अडकते. चामड्याच्या होल्स्टरमध्ये ते रात्रभर ठेवू नये, कारण चामडे ओल धरून ठेवते. कुलूपबंद कपाटात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवावे आणि काडतुसे वेगळ्या कुलपात.

गोळीबाराच्या सरावानंतर पिस्तूल उघडून नळी चेंबरच्या बाजूने ब्रश घालून साफ करावी आणि स्लाइडच्या खाचांत तेलाचा एकेक थेंब द्यावा.

जोडणी झाल्यावर चेंबर पुन्हा रिकामे असल्याची खात्री करून हॅमर ताणावा, सेफ्टी लावून ट्रिगर दाबावा, मग बोट काढून सेफ्टी उतरवावी. यांपैकी कोणत्याही क्षणी हॅमर पडला किंवा किंचितही हलला, तर स्वतः कानस चालवत बसू नये. पिस्तूल परवानाधारक शस्त्र-दुरुस्ती कारागिराकडे द्यावे आणि तोवर ते बाळगू नये.