ए-जी मंजुरीसाठी कोर्स पाठवताय? या चुका टाळा

कॅलिफोर्नियात हायस्कूलचा कोर्स युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या (यूसी) ए-जी यादीत, म्हणजे ए ते जी या सात विषयगटांतल्या मंजूर कोर्सच्या यादीत नसेल, तर तो कितीही मन लावून शिकवा, यूसी आणि कॅल स्टेट (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी) यांच्या प्रवेशासाठी लागणाऱ्या १५ वार्षिक कोर्समध्ये तो धरला जात नाही. शाळांनी कोर्स मंजुरीसाठी पाठवायचं पोर्टल १ फेब्रुवारी ते १५ सप्टेंबर उघडं असतं. परत येणारे बहुतेक कोर्स शिकवण्यात कमी नसतात, लिहिण्यात कमी पडतात.

पुस्तकाची अनुक्रमणिका चिकटवणं

ही सगळ्यात जुनी आणि सगळ्यात चिवट चूक. पाठ्यपुस्तकातली प्रकरणं उचलायची, प्रत्येकाला ‘युनिट १’, ‘युनिट २’ म्हणायचं आणि असाइनमेंटच्या रकान्यात ‘वर्कशीट, क्विझ, चर्चा’ एवढंच लिहून मोकळं व्हायचं. पर्यावरणशास्त्राचे असे कोर्स दरवर्षी दिसतात. युनिट: जलप्रदूषण. असाइनमेंट: ‘विद्यार्थी जलप्रदूषणावर प्रोजेक्ट करतील.’ यावरून यूसीच्या तपासणाऱ्याला कळायचं काय? शिक्षक मुलांना खाडीवर नेऊन उत्तम काम करून घेत असेलही, पण तपासणारा वर्गात येत नाही. त्याच्यासमोर फक्त मजकूर असतो.

प्रत्येक युनिटच्या एका असाइनमेंटमध्ये तीन गोष्टी हव्यातच: विद्यार्थी काय करतो, शेवटी हातात काय देतो आणि त्यातून काय शिकतो. तेच जलप्रदूषण असं लिहा: ‘विद्यार्थी ओढ्याच्या तीन ठिकाणांहून नमुने घेतात, पीएच, नायट्रेट आणि विरघळलेला ऑक्सिजन मोजतात, आकडे आलेखात मांडतात आणि कोणत्या ठिकाणी प्रदूषण कुठून येत असावं याचा पुराव्यासह दोन पानी अहवाल लिहितात.’ वाक्य एकच, पण आता कॉलेजच्या तयारीचं काम दिसतं. ‘समजून घेतील’, ‘ओळख होईल’ ही क्रियापदं दिसली की मी खोडतो. मोजतील, तुलना करतील, सिद्ध करतील, लिहितील असं म्हणा. मसुदा झाला की दुसरा विषय शिकवणाऱ्या सहकाऱ्याला वाचायला द्या. मुलं नेमकं काय करणार हे त्याला सांगता आलं नाही, तर पाठवू नका.

दुसऱ्या शाळेचा मंजूर मजकूर थोडा फिरवून आपला म्हणून पाठवण्याचा शॉर्टकट तर अगदीच वेडेपणाचा. मंजूर कोर्स जसाच्या तसा शिकवायचा असेल, तर पोर्टलमध्ये तो मॉडेल म्हणून उघडपणे घेण्याची सोय आहेच. मग चोरी कशाला?

प्रात्यक्षिकाचा हिशेब न करणं

डी गट म्हणजे विज्ञान. इथे वर्गाच्या एकूण वेळेपैकी किमान २० टक्के वेळ शिक्षकाच्या देखरेखीखाली, मुलांच्या हातून होणाऱ्या प्रयोगांना हवा. कॅलिफोर्नियाचं शालेय वर्ष १८० दिवसांचं धरा, तास ५५ मिनिटांचा: एकूण १६५ तास, म्हणजे प्रयोगांना ३३ तास. सोपं करून सांगायचं तर आठवड्याच्या पाच तासांतला एक पूर्ण तास. शिक्षकाने टेबलावर केलेलं प्रात्यक्षिक त्यात येत नाही. व्हिडिओ पाहणं येत नाही. तरी शरीररचनाशास्त्राच्या कोर्समध्ये वर्षभरात चार विच्छेदनं आणि बाकी हाडांची नावं पाठ, असा प्रकार सर्रास पाठवला जातो. मग ‘सुधारणा हवी’ आलं की घाईने दहा प्रयोगांची नुसती नावं जोडतात आणि कोर्स पुन्हा परत येतो. प्रयोग युनिटमध्येच लिहा: प्रश्न, पद्धत, नोंदी, निष्कर्ष. आणि लिहायच्या आधी कागदावर तास मोजा.

बाकीच्या चुका थोडक्यात.

ऑनर्सचा, म्हणजे नेहमीपेक्षा वरच्या पातळीच्या कोर्सचा दर्जा मागताय आणि सर्वंकष अंतिम परीक्षेचा पत्ता नाही? मिळणार नाही. नेहमीच्या कोर्सपेक्षा फक्त गृहपाठ जास्त, हेही ऑनर्स नव्हे.

ट्रान्सक्रिप्टवर (शाळेच्या गुणपत्रिकेवर) कोर्सचं एक नाव आणि ए-जी यादीत दुसरं: सप्टेंबरमध्ये किरकोळ वाटतं, विद्यार्थी अर्ज भरायला बसला की नोव्हेंबरमध्ये भोवतं.

जी गटाला, म्हणजे ऐच्छिक विषयांच्या गटाला, उकिरडा समजू नका. कुठे बसत नाही म्हणून तिथे टाकलेला कोर्स तिथूनही परत येतो. त्यातही कॉलेजच्या तोडीचं वाचन-लेखन लागतंच.

नृत्याचा कोर्स केवळ व्यायामाचा असेल, तर एफ म्हणजे कलांच्या गटात चालत नाही. मुलीचं अरंगेत्रम (भरतनाट्यमचं पहिलं जाहीर सादरीकरण) झालं म्हणून एफ पूर्ण झालं, हा आपल्याकडच्या पालकांचा आवडता गैरसमज. खाजगी क्लास इथे धरत नाहीत.

आणि मराठी. ई गटात इंग्रजीखेरीज दुसरी भाषा लागते आणि मराठीला तिथे आडकाठी नाही. पण गणपतीची आरती, सणांची माहिती आणि रंगांची नावं एवढ्यावर कोर्स उभा राहत नाही. बोलणं, वाचन, व्याकरण, लेखन आणि संस्कृती हे सगळं पायरीपायरीने चढत गेलेलं दाखवावं लागतं. शिवाय अर्ज करणारी संस्था पात्र असावी लागते. रविवारच्या शाळेने नुसतं प्रमाणपत्र दिल्याने कोर्स यादीत येत नाही. ज्या मुलांनी सहावी किंवा त्यापुढची किमान दोन वर्षं मराठी माध्यमाच्या शाळेत सी किंवा त्याहून चांगल्या श्रेणीत पूर्ण केली आहेत, त्यांची ई गटाची अट त्यावरच पूर्ण होऊ शकते. त्या वर्षांच्या गुणपत्रिका जपून ठेवा आणि नववीतच काउन्सेलरला दाखवा.