कॅम्परव्हॅनमध्ये कुठला फायर एक्स्टिंग्विशर ठेवायचा?

व्हॅनमध्ये सोलर बसवून होतं, फ्रीज होतो, पडदे पण शिवून होतात आणि मग अगदी शेवटी आठवतं की अरे, आगीचं काय? मग ऑनलाइन जो सगळ्यात छोटा आणि लाल दिसेल तो मागवायचा आणि सीटखाली ढकलून द्यायचा. माझंही असंच झालं होतं, म्हणून सांगतो, काहीही विकत घ्यायच्या आधी व्हॅनमधे जा, जिथे झोपता तिथे आडवे व्हा आणि बघा की पेट घेईल असं काय काय तुमच्या आणि दाराच्या मधे येतंय. बऱ्याच व्हॅनमधे शेगडी सरकत्या दाराला चिकटूनच असते, म्हणजे आग लागली तर नेमकी बाहेर पडायच्या वाटेवरच. एक्स्टिंग्विशर घ्यायचा तो ही वाट मोकळी करायला, गाडी वाचली तर बोनस समजा.

आता त्याच्यावरची अक्षरं. ए म्हणजे गादी, लाकूड, कापड. बी म्हणजे पेट्रोल, डिझेल. सी म्हणजे गॅस. तळणीच्या तेलाला वेगळं अक्षर आहे, एफ. गंमत अशी की अमेरिकन मालावर सी म्हणजे इलेक्ट्रिकची आग आणि तेलाला के, त्यामुळे बाहेरचा माल मागवत असाल तर नुसतं अक्षर बघून खूश होऊ नका, खालची चित्रं बघा. अक्षराच्या आधी आकडा असतो तोही बघा, ३४बी लिहिलंय म्हणजे तो ३४ लिटरच्या पेटत्या द्रवाच्या टेस्टमधे पास झालाय (हे युरोपियन पद्धतीचं). म्हणजे एकाच वजनाच्या दोन सिलिंडरमधे जास्त आकडा असलेला दमदार. आणि ज्याच्यावर रेटिंगच छापलेलं नाही तो घेऊच नका, कितीही स्वस्त असला तरी.

सरसकट सगळे एबीसी ड्राय पावडर सांगतात आणि ते चुकीचं नाही, कारण छोट्या आकारात गादी, डिझेल, गॅस, वायरिंग सगळ्यावर एकच चालतो. पण त्याची दुसरी बाजू कोणी सांगत नाही. मी एक मुदत संपलेला मोकळ्या मैदानात मारून बघितला तर क्षणभर समोरचं काही दिसेना, घशात खवखव, मग विचार केला की हेच दारं बंद असलेल्या व्हॅनमधे रात्री झालं तर दार कुठंय तेच कळणार नाही. शिवाय ती पावडर ओलावा धरते आणि वायरिंग, इन्व्हर्टर गंजवते. म्हणून माझा हिशोब असा, पावडरवाला ड्रायव्हरच्या दारापाशी, इंजिनसाठी आणि बाहेरून मारण्यासाठी. आत झोपायच्या भागासाठी फोम किंवा वॉटर मिस्टचा (पाण्याचा अगदी बारीक फवारा मारणारा) छोटा, ज्याच्यावर एफ पण लिहिलंय आणि चालू वीज असलेल्या वस्तूंवर चालतो असंही स्पष्ट छापलंय. हे दोन्ही पाण्याचे, त्यामुळे बर्फाच्या प्रदेशात हिवाळ्यात फिरत असाल तर लेबलवरचं तापमान नक्की वाचा, साधा असेल तर गोठतो. एकच घ्यायचा असेल तर मग २ किलोचा पावडर घ्या आणि दार उघडून, बाहेर उभं राहून मारा.

सीओटू म्हणजे कार्बन डायऑक्साइडवाला दिसायला भारी वाटतो, मागे घाण ठेवत नाही, पण एवढ्याशा बंद जागेत तो श्वासाचा ऑक्सिजनच बाजूला सारतो आणि गादीसारखी वस्तू विझल्यासारखी वाटून परत पेटते. व्हॅनच्या आत नकोच.

फायर ब्लँकेट, म्हणजे आग झाकून विझवायची न पेटणारी चादर, मात्र घ्याच, निदान १ बाय १ मीटरचं. कढईतलं तेल पेटलं तर त्यावर जवळून पावडरचा फवारा मारला की पेटतं तेलच इकडेतिकडे उडतं, आणि साधं पाणी तर चुकूनही नाही, त्याची वाफ होताना ते साधारण १७०० पट फुगतं आणि तेल छतापर्यंत नेतं. गॅस बंद, ब्लँकेट वरून टाकायचं आणि मग उचलून बघायचा मोह आवरायचा, थंड होईपर्यंत.

गॅसच्या नळीतून ज्वाळा येत असेल तर आधी व्हॉल्व्ह. व्हॉल्व्ह बंद करता येत नसेल तर ती ज्वाळा विझवू नका, कारण एलपीजी हवेपेक्षा जड, तो खाली फरशीवर साचत राहणार आणि एका ठिणगीत सगळंच उडणार. बाहेर पडा, लांब जा. लिथियम बॅटरीचंही तसंच, ती आतून तापायला लागली की पावडर नुसती वरची ज्वाळा मारते, आतली उष्णता तशीच राहते आणि थोड्या वेळाने परत पेट घेते, धूर पण विषारी. तिथे हिरोगिरी करू नका. इंजिनमधून धूर येतोय तर बॉनेट पूर्ण उघडायचं नाही, थोडी फट पाडून तिथून मारायचं.

साइजबद्दल लोक फार गाफील असतात. १ किलोचा साधारण ६ ते १० सेकंदांत संपतो, म्हणजे "थांब, बघतो" म्हणेपर्यंत अर्धा गेला. पिन काढायची, ज्वाळेच्या टोकावर नाही तर बुडाशी धरायचं, दाबायचं आणि डावी-उजवीकडे फिरवायचं. बरोबर येणाऱ्या प्रत्येकाला पिन कशी निघते ते एकदा दाखवून ठेवा.

लावायचा कुठे? शेगडीच्या वर किंवा मागे अजिबात नाही, हात भाजून घ्यायचाय का? दारापाशी, बाहेर उभं राहूनही हात पोचेल असा, मेटल ब्रॅकेटमधे घट्ट, नाहीतर जोरात ब्रेक लागला की तोच डोक्यात बसेल.

गेजचा काटा हिरव्यात आहे ना ते प्रत्येक ट्रिपआधी बघा. पावडरवाला मी महिन्यातून एकदा उलटा करून हलवतो, हादऱ्यांनी पावडर तळाशी दबून बसू शकते म्हणून. आणि एकदा जरी दाबला, अगदी एक सेकंद टेस्टसाठी, तरी तो भरून किंवा बदलूनच घ्या, कारण व्हॉल्व्हमधे पावडरचे कण अडकतात आणि प्रेशर हळूहळू निघून जातं.