मस्ट, हॅव टू की शुड? कुठे काय वापरायचं

इंग्रजीत 'करायलाच हवं' म्हणायला मस्ट, हॅव टू, शुड असे बरेच पर्याय आहेत. होकारार्थी वाक्यात थोडं इकडेतिकडे झालं तरी खपून जातं, खरा घोळ होतो तो नकारात, म्हणून आधी तेच बघू.

'यू मस्टन्ट टेल हर' म्हणजे तिला अजिबात सांगायचं नाही, मनाई आहे. 'यू डोन्ट हॅव टू टेल हर' म्हणजे सांगायची गरज नाही, पण सांगितलंत तरी काही बिघडत नाही. अर्थ पार वेगळा! त्यामुळे नकारार्थी वाक्य लिहायच्या आधी एकच विचारायचं, ती गोष्ट केली तर चालेल का? चालणार असेल तर डोन्ट हॅव टू किंवा नीडन्ट, चालणारच नसेल तर मस्टन्ट. बोलताना मनाईसाठी कान्ट पण सर्रास वापरतात, 'यू कान्ट पार्क हिअर'.

होकारात साधारण असं की बोलणाऱ्याला स्वतःला वाटतंय तर मस्ट, आणि नियम किंवा परिस्थितीमुळे करावं लागतंय तर हॅव टू, पण हे काही दगडावरची रेघ नाही. बोलण्यात हॅव टूच जास्त चालतं, अमेरिकन इंग्रजीत तर फारच. अडलात तर बिनधास्त तेच वापरा. शिवाय ईमेलमध्ये कुणाला 'यू मस्ट रिप्लाय टुडे' लिहिलंत की तो सरळ हुकूम वाटतो.

मस्टला भूतकाळाचं रूप नाही आणि विलनंतरही ते येत नाही, तिथे हॅव टूच लागतं. काल जावं लागलं तर 'आय हॅड टू गो', उद्या जावं लागेल तर 'आय विल हॅव टू गो'. 'ही मस्ट हॅव गॉन' म्हणजे तो गेला असणार, तो निव्वळ अंदाज झाला, सक्ती नाही.

मस्ट आणि शुडनंतर टू लावायचा नाही, 'मस्ट टू गो' चूक. शुडच्याच अर्थाचं ऑट मात्र टू घेतं. हॅव टू कर्त्याप्रमाणे बदलतं, 'शी हॅज टू गो', आणि प्रश्न करताना 'डज शी हॅव टू गो?'

शुड म्हणजे सल्ला, ऐका नाहीतर सोडा. 'यू शुड हॅव कॉल्ड' म्हणजे फोन करायला हवा होता, केला नाही. आणि 'यू हॅड बेटर लीव्ह नाऊ' (आत्ता निघालेलं बरं) मधल्या हॅडला फसू नका, ते आत्ताबद्दलच आहे आणि त्यात 'नाहीतर बघा' असा सूर असतो, तेव्हा साहेबांना वगैरे म्हणू नका.