एप्रिलचं हवामान बघताना या चुका टाळा

"टीव्हीवर उष्णतेची लाट सांगतायत, आता कुठला पाऊस?" एप्रिलमध्ये हे वाक्य कोल्हापुरात दर दोन दिवसांनी कानावर येतं. लाट नेमकी कुठं आहे, हे मात्र कुणी बघत नाही. एप्रिलमध्ये सगळ्या देशाचं मिळून एक हवामान नसतंच. काश्मीर-हिमाचलात पश्चिमी विक्षोभ (पश्चिमेकडून येणारी पाऊस-बर्फाची प्रणाली) येऊन डोंगरमाथ्यावर बर्फ पडत असतो, तेव्हा अकोला-चंद्रपूर चाळिशीच्या वर तापलेलं असतं. बंगालात संध्याकाळी कालबैसाखीची वादळं सुटतात, केरळ-कर्नाटकात आम्रसरी, म्हणजे आंबे पिकायच्या सुमाराचा पाऊस, पडतात. 2022 च्या एप्रिलमध्ये वायव्य आणि मध्य भारताचं सरासरी कमाल तापमान 122 वर्षांतलं सर्वांत जास्त ठरलं. पण ते त्या भागांचं होतं, ते वाचून करवीर तालुक्यातलं काम ठरवायचं नसतं.

आपल्याकडं एप्रिलमध्ये दुपारी साधारण 37 अंशांच्या आसपास असतं. मैदानी भागात लाट जाहीर करायला पारा किमान 40 वर आणि सरासरीपेक्षा निदान साडेचार अंश जास्त लागतो. म्हणजे कोल्हापुरात 40 झालं तरी लाट जाहीर होईलच असं नाही. आणि जाहीर झाली नाही म्हणून भर दुपारी रानात राबायचं, ही त्याहून मोठी चूक. किनारपट्टीला हीच अट 37 ची आहे, कारण दमट हवेत घाम वाळत नाही. 16 एप्रिल 2023 ला नवी मुंबईत खारघरला पुरस्कार सोहळ्यात उन्हात बसलेली माणसं दगावली, तिथं पारा काही 45 ला गेला नव्हता. नुसता आकडा बघू नका, हवेतला दमटपणाही बघा.

दुसरी चूक माझ्या फार जिव्हारी लागलेली आहे: सकाळचं निरभ्र आकाश आणि ॲपवरची टक्केवारी बघून दिवसभराचं ठरवणं. शिरोळ तालुक्यातल्या आमच्या एका पाहुण्यांनी हळद शिजवून खळ्यावर वाळत घातली होती. चैत्र पौर्णिमेचा दिवस, घरातली सगळी तरणी पोरं जोतिबाला गेलेली. थोरल्यानं जाताना मोबाईल बघितला, पावसाची शक्यता 20 टक्के. "काय होत नाही," म्हणून ताडपत्री शेडमध्ये घडी घालूनच ठेवली. दुपारी चारनंतर आभाळ काळं झालं, वारं सुटलं आणि गारांसकट वळीव कोसळला. घरात म्हातारी दोघंच. मी पोचलो तेव्हा खळ्यावरून पिवळं पाणी गटारीकडं वाहत होतं, आणि भिजलेल्या हळदीचा उग्र वास अंगणभर होता. पुढं ती वाळली, पण रंग गेला आणि बाजारात दर पडला.

20 टक्के म्हणजे पडणार नाही असं नव्हे. असे बरेच दिवस धरले तर सरासरी पाचातल्या एका दिवशी तो पडतो. त्यातून वळीव हा दुपारनंतरचा पाऊस. सकाळपासून जमीन तापते, बंगालच्या उपसागरावरून आणि अरबी समुद्रावरून आलेली ओल वर चढते आणि ढग दोन-तीन तासांत उभा राहतो. विदर्भ-मराठवाड्यापासून कर्नाटकातून दक्षिणेकडं कमी दाबाचा पट्टा पसरलाय असं बातमीत आलं, की मी त्या आठवड्यात सकाळच्या आकाशावर विसंबत नाही. दुपारी दोनला बाहेर येऊन बघतो. ढग फुलकोबीसारखे उंच वाढत असतील तर हवामान खात्याचा तीन तासांचा तातडीचा इशारा आणि गोव्याच्या रडारचं चित्र उघडतो. ताडपत्री खळ्याच्या कडेलाच असते, शेडमध्ये नाही. नवशिक्यांना हे नको असतं, त्यांना सकाळी एक आकडा बघून मोकळं व्हायचं असतं. वळवाच्या दिवसांत असा शॉर्टकट चालत नाही.

बाकीच्या चुका थोडक्यात.

गाडीच्या डॅशबोर्डवर दिसणारं तापमान खरं मानू नका. खात्याचा तापमापक सावलीत, जमिनीपासून सव्वा मीटरवर, हवा खेळत्या पेटीत असतो.

"काल कागलला पडला, आज आमच्याकडं येणार" हा हिशोब सोडा. वळीव शिवेवर थांबतो, एका गावात ओढा वाहतो आणि शेजारच्या गावात धुरळा उडत असतो.

सकाळी साडेआठला लागणारा पावसाचा आकडा आदल्या सकाळी साडेआठपासूनचा असतो. तो आजचा समजून भांडू नका.

दोन वळीव झाले म्हणून "मान्सून लवकर आला" हे मेसेज पुढं पाठवू नका. मान्सून केरळातच साधारण 1 जूनला पोचतो. वळवावर नांगरट करा, पेरणीची घाई नको.

आणि वीज. गडगडाट ऐकू आला की झाडाखाली उभं राहायचं नाही, पक्क्या घरात जायचं. विजेचा इशारा देणारं 'दामिनी' ॲप घरातल्या प्रत्येकाच्या मोबाईलवर घालून द्या, रानात जाणाऱ्याच्या मोबाईलवर सगळ्यात आधी. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका, पाऊस थांबला असला तरी.