साक्षरता परिषदेसाठी सादरीकरणाचा प्रस्ताव कसा पाठवावा

पहिली-दुसरीला शिकवणाऱ्या बाईंकडे सांगण्यासारखं खूप असतं, पण प्रस्तावात उतरतं ते 'उपक्रमामुळे विद्यार्थ्यांची शंभर टक्के प्रगती झाली' एवढंच. पंचायत समितीला अहवाल पाठवून पाठवून हात त्याच वळणावर जातो. मी असे प्रस्ताव तपासायला बसले आहे. एका बैठकीत तीस-चाळीस वाचले की शंभर टक्क्यांवर नजर थांबत नाही.

आधी परिषदेचं पत्रक दोनदा वाचा. विषयसूत्र, भाषा, शब्दमर्यादा, सादरीकरणाचा प्रकार, नोंदणी शुल्क, सगळं त्यात असतं. प्रकार नीट निवडा. पंधरा मिनिटांच्या निबंधवाचनात कार्यशाळा बसत नाही. पहिलीच वेळ असेल तर पोस्टरला कमी लेखू नका. समोर उभं राहून बोलणारी माणसं तिथेच भेटतात.

मग एकच प्रश्न ठरवा, आणि खरा वेळ इथेच घालवा. 'वाचन-लेखन विकास' हा प्रश्न नव्हे. समजा, दुसरीतली मुलं 'दिवा' ऐकून 'दीवा' लिहितात. कानावर आधी 'द' येतो, मग 'इ'. पहिली वेलांटी मात्र 'द'च्या आधी काढावी लागते. दुसरी वेलांटी अक्षरानंतर येते, म्हणजे कानाच्या क्रमाने. मुलं म्हणून तीच काढतात का? की 'पाणी', 'आजी', 'भाजी' असे शेवटी दुसरी वेलांटी असलेले शब्द रोज डोळ्यांखालून जातात म्हणून? हा झाला प्रस्ताव. दुसरी शक्यता तुम्हीच मांडली असेल, तर परीक्षकाला पेन उचलायला जागा उरत नाही.

आता लिहायला घ्या. अडीचशे शब्द मिळाले असतील तर पहिल्या दोन वाक्यांत प्रश्न यायला हवा. 'निपुण भारत'ने सुरुवात करायची प्रथाच पडली आहे. जुलै २०२१ मध्ये अभियान सुरू झालं आणि २०२६-२७ पर्यंत तिसरीअखेर प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं असं त्याचं उद्दिष्ट आहे, हे परीक्षकाला ठाऊक असतं. ती जागा वर्गाला द्या: मुलं किती, घरी बोलतात ती भाषा कोणती (वारली, पावरी, गोरमाटी असेल तर ते महत्त्वाचं आहे), तुम्ही काय केलं, किती आठवडे केलं. मुलांची पातळी सांगताना 'असर' या ग्रामीण मुलांच्या वाचन-गणित पाहणीच्या पायऱ्या, म्हणजे अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट, वापरल्यात तर दुसऱ्या जिल्ह्यातल्या माणसालाही लगेच कळतं. पुरावा म्हणून एकाच मुलाच्या वहीची जून, सप्टेंबर आणि जानेवारीतली तीन पानं ठेवा. न जमलेली एक गोष्टही लिहा. शेवटच्या ओळीत श्रोते आपल्या वर्गात काय करून पाहू शकतील ते सांगा.

परिषद इंग्रजीत असली तरी आधी मराठीत लिहा, मग भाषांतर करा. त्यात 'काना', 'वेलांटी', 'जोडाक्षर' हे शब्द तसेच ठेवून प्रत्येकाला अर्ध्या ओळीचा खुलासा जोडा.

बऱ्याच ठिकाणी परीक्षकाला लेखकाचं नाव कळू द्यायचं नसतं. मजकुरातून नाव, शाळा, गाव काढा. फाइलच्या माहितीत तुमचं नाव राहतं, तेही पुसा. माझा पहिला प्रस्ताव याच कारणाने न वाचता परत आला होता. नावं मी सगळी काढली होती, पण सोबतच्या फोटोत मागच्या भिंतीवर शाळेचं नाव ठळक रंगवलेलं होतं! मुलांचे चेहरे दिसत असतील तर पालकांची लेखी संमती घ्या. ती मिळणार नसेल तर फक्त वहीचं पान दाखवा, तसंही तेच जास्त बोलकं असतं.

मराठी मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. श्रीलिपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधला मजकूर ऑनलाइन अर्जात चिकटवला की अगम्य चिन्हं उमटतात. मुदतीची वेळ कोणत्या देशाची आहे तेही बघा. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर रात्रीचे ११:५९ वाजतात तेव्हा आपल्याकडे दुसऱ्या दिवसाची सकाळ असते. हिवाळ्यात १०:२९, उन्हाळ्यात ९:२९. त्या भरवशावर राहू मात्र नका, शेवटच्या तासात संकेतस्थळ हमखास रडतं.

अर्ज गेला की पोच जपून ठेवा आणि त्याच आठवड्यात मुख्याध्यापकांच्या कानावर घाला. प्रस्ताव स्वीकारला गेला तरी प्रवासखर्च आणि शुल्क बहुधा आपल्याच खिशातून जातं, आणि शाळा सोडून जायला लागणारी परवानगी केंद्रप्रमुखांपासून वर सरकत जाते. परदेशी जायचं असेल तर ना हरकत प्रमाणपत्राची फाइल स्वीकृतीचं पत्र आलं त्याच दिवशी हलवा.